‘कालौघात झिजली’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

लेण्यांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक वाक्य हमखास भेटते : ‘कालौघात हा लेख झिजला असून आता वाचता येत नाही.’ मार्गदर्शिकांत ते आहे, पाठ्यपुस्तकांत आहे, व्याख्यानांत आहे. आणि आपल्या विहारांतून निघणाऱ्या स्मरणिकांतही ते तितक्याच सहजतेने अवतरते. वाक्य निरुपद्रवी वाटते, परंतु त्याची थोडी चिकित्सा केली पाहिजे असे आम्हांस वाटते. या वाक्यात क्रिया आहे, कर्म आहे, पण कर्ता नाही. ‘कालौघ’ हा शब्द कर्त्याच्या जागी आणून बसविलेला आहे, इतकेच.

पालि अभिधम्माच्या अभ्यासकाला तर हा शब्द विशेषच खटकावा. थेरवादी परंपरेत काळ ही ‘पञ्ञत्ति’ आहे, म्हणजे व्यवहारासाठी केलेली संज्ञा. ज्यांना स्वतःचे लक्षण आहे, स्वतःचे कार्य आहे, अशा परमार्थ धर्मांत त्याची गणना होत नाही. घटना घडतात म्हणून आपण काळ मोजतो. काळ आहे म्हणून घटना घडत नाहीत. मग दगडावरील अक्षर कोणी खाल्ले, या प्रश्नाला ‘काळाने’ हे उत्तर आपल्याच परंपरेच्या कसोटीवर उतरत नाही.

यावर एक प्रतिवाद नेहमी येतो, आणि तो धम्माच्या नावाने येतो. सर्व संखार अनित्य आहेत, तेव्हा लेणी झिजणारच, त्यात शोक कसला, असे म्हणणारे सुशिक्षित उपासक आम्हांस भेटले आहेत. अनित्यतेचा हा अर्थ आळसाला सोयीचा आहे. तो तथागतांचा नव्हे. महापरिनिब्बानसुत्तातील अखेरच्या उपदेशात संखारांच्या व्ययधर्माचा उल्लेख येतो आणि त्याला लागूनच अप्रमादाची आज्ञा येते. अनित्यता आणि अप्रमाद ही एकाच वचनाची दोन अंगे आहेत. पहिले घ्यावे आणि दुसरे गाळावे, अशी मुभा त्या वचनात नाही. शिवाय ज्या शास्त्याने ‘हे असल्याने ते होते’ ही दृष्टी दिली, त्याच्या अनुयायांनी झिजेच्या प्रत्ययांची चौकशी न करता तिला नियतीचे नाव द्यावे, हे विपरीत आहे. नियतिवाद हा मक्खलि गोसालाचा पक्ष होता.

तेव्हा चौकशी करू.

प्रथम, झिजते आहे ते काय? कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख प्रसिद्ध आहे. जंबुद्वीपातील हे उत्तम शैलगृह आहे, असा त्याचा अभिमान सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्याच चैत्यगृहात धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, द्वारदान नोंदलेले आहे, आणि धेनुकाकटाच्याच सामि नावाच्या सुताराचेही नाव आहे. कान्हेरीस कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके दिले. कल्याणच्याच नंद लोहाराने वाट बांधून दिली. भिक्खुणींची दाने आहेत, गृहपतींच्या पत्नींची आहेत. या माणसांची दखल कोणत्याही पुराणाने घेतली नाही, कोणत्याही काव्याने घेतली नाही. पालि अट्ठकथांतही ती नाहीत. दगडावरील एक-दोन ओळी हेच त्यांचे एकमेव अस्तित्व आहे. राजाचा लेख झिजला तर त्याची नाणी उरतात, ताम्रपट उरतात, दुसऱ्या लेण्यात त्याचे नाव पुन्हा भेटते. नंद लोहाराच्या ओळीतील चार अक्षरे गेली की नंद लोहार गेला. आमच्या मते लेण्यांच्या संरक्षणाचा प्रश्न मूर्तिकलेपुरता पाहणाऱ्यांच्या दृष्टीतून हीच गोष्ट निसटते.

आता प्रत्यय पाहू. सह्याद्रीचा काळा पाषाण हा लाव्हारसापासून झालेला बेसाल्ट. तो कठीण आहे, पण सर्वत्र सारखा नाही. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी दुय्यम खनिजे भरलेली असतात. ती मूळ खडकाहून वेगळ्या गतीने फुगतात, विरघळतात वा सुटून पडतात, आणि पृष्ठभागावर खळगे राहतात. खडकातील काही खनिजांची पाण्याच्या दीर्घ सहवासाने माती होते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. कान्हेरीचा खडक तर ज्वालामुखीच्या तुकड्यांपासून घडलेला संकोणाश्म आहे. तो कार्ल्याच्या खडकापेक्षा भरड व अधिक सच्छिद्र. त्यावर कोकणपट्टीचा पाऊस, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक. जून ते सप्टेंबर भिंत ओली, मार्च ते मे तीच भिंत तापलेली. जीवसृष्टीने अजून हातही लावलेला नाही, तोवरच अक्षराच्या कडा सैल होऊ लागतात.

या ओलीवर जे पहिले येतात ते नील-हरित जीवाणू. त्यांना माती लागत नाही, अन्न लागत नाही. उजेड, पाणी आणि हवा पुरते. त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण असते. पावसात ते अनेक पटींनी फुगते, उन्हात आकसून कडक होते, आणि आकसताना ज्या कणाला चिकटलेले असते त्याला ओढते. काळ्या रंगाचा थर असेल तर तो उष्णताही अधिक शोषतो. हे मेले की त्यांच्या अवशेषांवर बुरशी व इतर जीवाणू जगतात. बुरशी सेंद्रिय आम्ले सोडते, आणि खनिजांतील लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या आम्लांत बांधले जाऊन निघून येते. पाठोपाठ दगडफूल येते. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले, हे वाचकांना ठाऊक असेल. त्याची पत्रीसारखी जात झाडावरही वाढते. परंतु लेण्याच्या भिंतीवर पांढरट-राखी चट्ट्यांच्या रूपाने जे पसरते ते खडकाला पापुद्र्यासारखे चिकटलेले असते, आणि त्यातील बुरशीचे तंतू खनिजकणांच्या सांध्यांतून काही मिलिमीटर आत उतरतात. कोरीव अक्षराची खोलीही पुष्कळदा काही मिलिमीटरच असते, हे येथे लक्षात ठेवावे. वटवाघळांची व पारव्यांची विष्ठा जेथे साचते तेथे आणखी एक वर्ग काम करतो : तिच्यातील अमोनियापासून नत्राम्ल बनविणारे जीवाणू. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे आम्ल मात्र खडकास लागते.

यात एक क्रूर योगायोग आहे. कान्हेरीचे अनेक दानलेख पोढ्यांच्या वर, टाक्याच्या खोबणीतील भिंतीवर कोरलेले आहेत. पाणी दिले, म्हणून नाव पाण्याजवळ कोरले. ज्या जागेने दात्याच्या पुण्याची साक्ष द्यायची, तीच जागा बारा महिने दमट आणि उजेडाला अर्धवट उघडी, म्हणजे शेवाळाला सर्वांत प्रिय. चैत्यगृहाच्या आतील लेख तुलनेने सुरक्षित राहतात आणि अंगणातल्या टाक्यावरचे जातात. सामान्य दात्यांची भर या दुसऱ्या वर्गात मोठी आहे.

प्रदूषणाचा विचार येथे जोडला पाहिजे, पण जपून. संगमरवराविषयीची भाषा काळ्या पाषाणाला जशीच्या तशी लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती चुकीची. गंधकाचा धूर चुनखडीवर व संगमरवरावर बसला की त्याचे जिप्सम होते आणि काजळी त्यात अडकून काळी खपली धरते. चुनखडीच्या बौद्ध शिल्पांना हा अनुभव आलेला आहे. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे १८५९ मध्ये लंडनला रवाना झाली. पुढील दशकात त्यांतील काही तेथील संग्रहालयाच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर उघड्या हवेत लावली होती. कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरात चुनखडीच्या शिल्पाला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. कृष्णेच्या काठी त्याच स्तूपाचे दगड चुन्यासाठी भाजले गेले, तेव्हाही ‘कालौघ’ तेथे नव्हता, भट्टी होती.

बेसाल्टात चुना अल्प, म्हणून तेथे ही खपली त्या प्रमाणात धरत नाही. मात्र कॅल्साइट भरलेले खळगे, जुन्या चुन्याचे गिलावे आणि विशेषतः विसाव्या शतकातील सिमेंटच्या दुरुस्त्या यांच्या सांध्यांत क्षार जमतात. ते स्फटिकरूप होताना लगतचा खडक फोडतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रदूषण हे सूक्ष्मजीवांचे अन्न होते. वाहनांच्या धुरातील नत्राची संयुगे म्हणजे शेवाळाला खत. न जळलेल्या इंधनाची काजळी काही जीवाणू व बुरश्या खातात. उरलेल्या काजळीत धूळ चिकटते आणि धुळीत ओल टिकते. उलट बाजूने, जीवाणूंचा बुळबुळीत थर हवेतील धूळ व क्षार पकडून ठेवतो. एकाने दुसऱ्याला आधार द्यावा आणि दुसऱ्याने पहिल्याला, असा हा प्रकार आहे. पट्ठानाच्या परिभाषेत बोलायचे तर ‘अञ्ञमञ्ञपच्चय’ आणि ‘आहारपच्चय’ हे दोन शब्द येथे सहज ओठांवर येतात. अभिधम्माचा काटेकोर प्रयोग म्हणून आम्ही ते वापरीत नाही, पण झीज ही एका कारणाची नसते हे सांगण्यास त्यांच्याइतके नेमके शब्द आम्हांस सापडत नाहीत. नाशिकची त्रिरश्मी लेणी मुंबई-आग्रा महामार्गाच्या शेजारी आहेत. कार्ले व भाजे यांच्यामधून लोहमार्ग गेला, पुढे २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही त्याच खोऱ्यातून गेला. कान्हेरी अरण्यात आहे खरी, पण त्या अरण्याला महानगराने वेढले आहे. जाता जाता एक सांगावे : गंधकाच्या धुरात दगडफुलाच्या बहुतेक जाती तग धरीत नाहीत, तेव्हा भिंतीवर दगडफूल नाही म्हणून भिंत निरोगी, असा निष्कर्ष काढण्याचीही सोय नाही.

इतके कळल्यावर पहिला विचार सुचतो तो घासून काढण्याचा. येथेच सर्वाधिक सावध राहिले पाहिजे. अंकोरवाट येथे भारतीय पथकाने १९८६ ते १९९३ या काळात काम केले. यादवी युद्धाने होरपळलेल्या देशात, इतर देश मागे राहिले असताना, हे काम पत्करले याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु रसायने व ब्रश वापरून वालुकाश्मावरील दगडफूल काढण्याच्या पद्धतीवर पुढे तज्ज्ञांनी कठोर टीका केली. आणि स्वच्छ झालेल्या पृष्ठभागांवर नंतर काळे नील-हरित जीवाणू पसरले. दगडफुलाचे तंतू खडकात उतरलेले असतात. ते उपटले की त्यांना धरलेले कणही येतात. काही ठिकाणी तर जिवंत थर पावसाच्या माऱ्यापासून आणि क्षारांपासून खडकाचे रक्षण करतो, असेही अभ्यासकांना आढळले आहे. बोरोबुदूर येथे १९७३ ते १९८३ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने जे काम झाले त्याचा गाभा वेगळा होता. तेथे शिल्पे धुतली गेलीच, पण मुख्य भर होता तो डोंगरातून शिल्पपट्टांच्या पाठीशी झिरपणारे पाणी अडवून त्याला बाहेर वाट काढून देण्यावर. ओल तोडली नाही तर धुतलेला दगड पुन्हा हिरवा होतो. कान्हेरीच्या मूळ रचनाकारांनी डोंगरावर चर व पन्हळी खोदून पाणी टाक्यांकडे वळविले होते. त्या चरांत माती साचली की तेच पाणी भिंतीतून उतरते. चर मोकळे ठेवणे हे रसायनांहून स्वस्त आणि आमच्या मते अधिक गुणकारी काम आहे. त्याचे छायाचित्र मात्र वृत्तपत्रात छापून येत नाही.

अजिंठ्याच्या चित्रांचे उदाहरण दगडाचे नव्हे, तरी ‘कालौघ’ या शब्दाचा फोलपणा दाखविण्यास ते उपयोगी आहे. चित्रे काळवंडली, पिवळी पडली, याचा दोष बराच काळ वयावर टाकला गेला. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर रोगण फासले होते, आणि निजामाच्या राज्यात १९२०-२२ मध्ये आलेल्या लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाने लाखेचे लेपन केले. धूळ व धूर धरून तो थरच काळा झाला. कारणाला नाव होते, साल होते. वाक्यात मात्र ‘काळ’ बसला.

आता आमच्या स्वतःच्या शास्त्राकडे वळणे भाग आहे. शिलालेखांचे वाचन गेली दीडशे वर्षे चालू आहे. वेस्ट यांनी १८६१ च्या सुमारास कान्हेरीच्या लेखांच्या नकला प्रसिद्ध केल्या, भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांचे काम १८८१ मध्ये आले, सेनार यांनी कार्ल्याचे लेख विसाव्या शतकाच्या आरंभी ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादिले, शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ १९९१ चा. ही परंपरा मोठी आहे आणि तिचे ऋण न फिटणारे आहे. परंतु तिची एक खोड आहे. संपादक ‘अक्षर अस्पष्ट’ एवढेच लिहितो. अस्पष्ट कशाने? खपली उडाली, शेवाळाने झाकले, की सिमेंट लिंपले? झाकलेले अक्षर अजून आत असू शकते; उडालेले नसते. वाचनाच्या दृष्टीनेदेखील हा फरक मूलभूत आहे, तरी चौकटी कंसातील ठिपक्यांत तो दिसत नाही. त्यात ठसा घेण्याची आमची पद्धत : कागद ओला करून भिंतीवर बसवायचा, ब्रशाने ठोकायचा, शाई फिरवायची. सुटत चाललेल्या पृष्ठभागावर ओल आणि मारा एकाच वेळी. ज्या पद्धतीने लेख जगाला कळले, तिचा दगडावर काही परिणाम झालाच नसेल असे मानणे भोळेपणाचे होईल.

दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळांचे अहवाल आहेत. ते शैवालांच्या जाती मोजतात, बुरश्यांची लॅटिन नावे देतात, आम्लता मोजतात. पण नमुना ज्या भिंतीवरून घेतला तिच्यावर कोणाचा लेख होता, हे त्यांत सहसा नसते. जीवशास्त्रज्ञाला प्राकृत येत नाही आणि प्राकृतज्ञाला शेवाळ ओळखता येत नाही. दोघेही आपापल्या शास्त्रात निर्दोष असतात. नंद लोहाराचे अक्षर या दोन निर्दोष शास्त्रांच्या मधल्या फटीत पडते.

आणि तिसरी बाजू आपली, उपासकांची. पौर्णिमेला लेण्यांवर जाण्याची रीत चांगली आहे. लेणी पुन्हा आपली झाली ती याच पावलांनी. परंतु चैत्यगृहाच्या बंदिस्त हवेत मेणबत्त्यांच्या रांगा आणि उदबत्त्यांचे जुडगे लावले जातात, तेव्हा वर सांगितलेल्या काजळीत आपणच भर घालतो. मेण खडकात मुरते आणि काढता येत नाही. लेख नीट दिसावा म्हणून अक्षरांत खडू भरणे, पाणी शिंपडणे हेही आपल्याच हातून होते. दुसऱ्यांनी लेण्यांत केलेल्या अतिक्रमणांविरुद्ध बोलण्याचा आपला हक्क आहे, आणि तो आपण बजावतोही. तो हक्क मेणाच्या डागांनी दुबळा होतो. पूजेला विरोध म्हणून आम्ही हे लिहीत नाही. फूल न्यावे, वंदना म्हणावी. दिवा अंगणात, भिंतीपासून दूर लावावा.

डागडुजी ही संघाला नवी नाही. विनयात ‘खण्डफुल्लपटिसंखरण’, म्हणजे तुटले-फुटले ते सावरणे, हा शब्दच रूढ आहे. बांधकाम पाहणाऱ्या भिक्खूला ‘नवकम्मिक’ म्हणत; भारहुतच्या एका लेखात भाणक आणि नवकम्मिक अशा दोन्ही पदव्या धारण करणारा इसिपालित भेटतो. सुत्ते मुखोद्गत असणारा आणि दगडाच्या कामावर देखरेख करणारा भिक्खू एकच, हे आजच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे. कान्हेरीच्या नवव्या शतकातील शिलाहारकालीन लेखांत विहाराच्या दुरुस्तीसाठी आणि ग्रंथांसाठी द्रम्म ठेवल्याची नोंद आहे. एकाच देणगीत भिंत आणि पोथी.

प्रत्यक्ष कामाचे म्हणाल तर आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. साफसफाई पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांकडे राहू द्यावी. ते काम हौशी हातांचे नव्हे. परंतु नोंद ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. वर्षावास संपून आश्विन पौर्णिमेला पवारणा होते. शेवाळ त्या सुमारास पूर्ण भरात असते. वैशाख पौर्णिमेला ते वाळून करडे झालेले असते. प्रत्येक विहाराने जवळच्या लेण्यातील एकच लेख निवडावा, शक्यतो टाक्यावरचा, आणि या दोन पौर्णिमांना एकाच जागेवरून, शेजारी मोजपट्टी धरून, तिरप्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे. भिंतीला हात लावू नये, पाणी शिंपडू नये, खडू तर मुळीच नको. अक्षरावर हिरवा थर असेल तर तो तसाच छायाचित्रात येऊ द्यावा, आणि खाली लेण्याचा क्रमांक, दात्याचे नाव, महिना व साल लिहावे.